पाऊस आला खेळ बंद, ऊन वाढलं खेळ बंद, थंडी पडली खेळ बंद... मग मुलांनी हालचाल करायची कधी?

मोरपीस

नमस्कार मंडळी, बरेच दिवस मनात होतं, आज धागा काढतेच. माझा मुलगा नऊ वर्षांचा आणि मुलगी चार वर्षांची, दोघांनाही खेळायची आवड आहे, ओढून बाहेर काढावं लागत नाही. तरी वर्षभराचा हिशोब मांडला तर काय दिसतं, की पावसात मैदान ओलं म्हणून पीटीचा तास गणिताला जातो, ऊन वाढलं की मधली सुट्टी वर्गातच, थंडीत संध्याकाळी लवकर अंधार पडतो, आणि मधे जे काही बऱ्या हवेचे आठवडे उरतात त्यात नेमक्या परीक्षा येतात. वेळापत्रकात खेळ वर्षभर आहे पण प्रत्यक्षात मुलं बसलेलीच असतात.

तर मला विचारायचंय की कुठल्या हवेत खरंच बाहेर पाठवू नये आणि कुठल्या हवेत आपण उगाच घाबरतो? आणि बाहेर नाहीच जाता आलं तर घरात नक्की काय करता? 'योगासनं करून घ्या' एवढंच उत्तर नकोय प्लीज, माझा मुलगा ताडासनात दहा सेकंद उभा राहत नाही.

जुनाजाणता

आमच्या लहानपणी हवामानाचा अंदाज कोणी बघतसुद्धा नव्हतं. पावसात भिजायचो, उन्हात हुंदडायचो, काही झालं नाही. हल्ली आईबापच घाबरट झालेत. मुलांना सोडा, ती आपोआप खेळतात.

लिंबूटिंबू

सोडा म्हणजे कुठे सोडा काका? तुमच्या वेळी रस्त्यावर गाड्या किती होत्या आणि सोबत खेळायला पोरं किती होती? आता एकट्या मुलाला रिमझिम पावसात खाली सोडलं तरी ते पाच मिनिटांत वर येतं कारण खाली कोणीच नसतं. मी नेहमी बघते, एका घराने 'आज नको, हवा बरी नाही' म्हटलं की दुसरं घर म्हणतं 'तो नाही येत तर तू पण नको', मग तिसरं, मग सगळाच ग्रुप घरात. पाऊस तासाभरात थांबलेला असतो पण तोवर सगळे टीव्हीसमोर बसलेले असतात. आम्ही चार घरांनी मिळून एवढंच ठरवलंय की अंदाज बघून सकाळीच खेळ रद्द करायचा नाही, संध्याकाळी खिडकीतून बाहेर बघून ठरवायचं. एवढ्यानेसुद्धा फरक पडला.

आकडेमोड

धागा मस्त आहे, मोरपीस. या विषयावर बरंच वाचलंय त्यामुळे प्रतिसाद लांबणार, आधीच सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे किती हालचाल हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला ६० मिनिटं मध्यम ते जोरदार हालचाल सांगितलीय, आणि आठवड्यातून निदान ३ दिवस अशी हालचाल ज्यात चांगली धाप लागेल, स्नायू आणि हाडांवर जोर येईल, म्हणजे धावणं, उड्या, लोंबकळणं वगैरे. यात बारीक पण आपल्या कामाचा बदल आहे, आधीच्या २०१० च्या सूचनांमध्ये 'रोज किमान ६० मिनिटं' होतं, २०२० मध्ये ते 'आठवड्याच्या सरासरीने दिवसाला ६० मिनिटं' झालं. म्हणजे दोन दिवस धो धो पाऊस पडला म्हणून सगळं बुडालं असं नाही, उघडीप मिळाली की भरपाई करता येते. पण दोन दिवसांचे दोन महिने झाले तर सरासरी कुठून येणार.

दुसरं म्हणजे हवेचा फरक खरंच पडतो का. पडतो, आणि तो मोजलेला आहे. मुलांच्या कमरेला छोटं यंत्र लावून (अ‍ॅक्सेलरोमीटर) हालचाल मोजतात, अशा वेगवेगळ्या देशांतल्या मोजमापांचा एक मोठा एकत्र साठा आहे. त्यावरून २०१४ मध्ये आलेल्या एका अभ्यासात ९ देशांतली ५ ते १६ वयाची २३ हजारांवर मुलं होती. ज्या दिवसांत सूर्य उशिरा मावळतो त्या दिवसांत मुलांची हालचाल थोडी जास्त भरली, आणि ही वाढ मुख्यतः दुपार संपतानाच्या आणि संध्याकाळच्या वेळातच दिसली. म्हणजे आपण थंडीला दोष देतो पण थंडीच्या दिवसांत थोडा दोष अंधाराचाही असतो! शाळा सुटून घरी येऊन हातपाय धुऊन होईपर्यंत उजेड संपलेला असतो.

त्याच साठ्यावरच्या दुसऱ्या एका अभ्यासात हवामान आणि हालचालीचं नातं देशोदेशी वेगळं निघालं. उत्तर युरोपातली मुलं खराब हवेतसुद्धा तुलनेनं जास्त हालचाल करत होती. पाऊस पाऊसच असतो ना सगळीकडे, पण पावसात काय करायचं हे मोठी माणसं ठरवतात. आणि ते ठरवलेलं बदलता येतं, म्हणून मला हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

मोरपीस

अंधाराचा मुद्दा कधी डोक्यातच आला नव्हता. म्हणजे त्या दिवसांत अभ्यास आणि खेळाची अदलाबदल केली तर? घरी आल्या आल्या आधी खेळ, दिवा लागल्यावर अभ्यास?

आकडेमोड

अगदी तेच. आमच्याकडे दिवस लहान असताना क्रम उलटाच असतो. अभ्यास दिव्याखाली होतो हो, पकडापकडी होत नाही.

टेकडी

+१ क्रमाला. मला उन्हाबद्दल विचारायचंय. आमच्याकडे सासूबाई म्हणतात लहान मुलांना ऊन मोठ्यांपेक्षा जास्त लागतं, नवरा म्हणतो मुलं काटक असतात काही होत नाही. खरं कोणाचं?

स्टेथोस्कोप

मी बालरोगतज्ज्ञ आहे, जमेल तेवढं सांगते. याबाबत डॉक्टरांचंही मत बदललेलं आहे. पूर्वी असं शिकवायचे की मुलांचं शरीर उष्णता नीट हाताळूच शकत नाही, कारण मुलांना घाम कमी येतो आणि वजनाच्या मानाने त्यांच्या त्वचेचं क्षेत्रफळ जास्त असतं. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने २०११ मध्ये हे मत सुधारलं. पाणी नीट पीत असतील तर मुलं व्यायाम करताना उष्णता जवळपास मोठ्यांसारखीच झेलतात असं त्यांनी म्हटलं. मग त्रास का होतो, तर पाणी कमी पडतं, विश्रांती न देता खेळवत राहतात, कपडे किंवा खेळाचे पॅड जाड असतात, आजारातून नुकतं उठलेलं मूल लगेच खेळायला जातं, आणि सवय नसते.

ही सवयीची गोष्ट नीट लक्षात घ्या. शरीराला उन्हात खेळायची सवय व्हायला साधारण १० ते १४ दिवस लागतात. सुट्टीभर घरात गारव्यात बसलेलं मूल पहिल्याच दिवशी दोन तासांच्या सरावाला उभं केलं की गडबड होते. पहिले काही दिवस वेळ कमी, जोर कमी, मग हळूहळू वाढवायचं. मैदानावर आजारी पडणारी मुलं बहुतेक या पहिल्या काही दिवसांतलीच असतात.

पाण्याचं म्हणाल तर खेळ चालू असताना ९ ते १२ वर्षांच्या मुलांना दर २० मिनिटांनी १०० ते २५० मिली असा अंदाज धरा. तहान लागल्यावर पितील म्हणून सोडू नका, खेळाच्या नादात तहान कळतच नाही. खेळ थांबवून सगळ्यांनी एकदम प्यायचं, म्हणजे कोणाची बॅटिंग बुडत नाही.

आणि नुसता तापमानाचा आकडा बघून ठरवू नका. घाम नुसता आल्याने अंग गार होत नाही, तो वाळल्याने होतं. हवेत दमटपणा जास्त असेल तर घाम निथळतो पण वाळत नाही, त्यामुळे ३२ अंशांची दमट संध्याकाळ ३६ अंशांच्या कोरड्या संध्याकाळीपेक्षा जड जाऊ शकते. शिवाय बाहेरची हवा साधारण ३५ च्या वर गेली की ती आपल्या त्वचेपेक्षा गरम होते, मग वारा लागून गार होण्याऐवजी अंग उलट तापायला लागतं.

मूल चिडचिड करतंय, डोकं दुखतंय म्हणतंय, मळमळतंय, पायात गोळे येतायत तर खेळ लगेच थांबवा, सावलीत न्या, पाणी द्या. पण मूल गोंधळल्यासारखं बोलायला लागलं, झोकांड्या द्यायला लागलं किंवा शुद्ध हरपली तर तो उष्माघात समजायचा. लगेच अॅम्ब्युलन्स बोलवा, आणि ती येईपर्यंत वाट बघत बसू नका, कपडे सैल करा, अंगावर गार पाणी ओता, वारा घाला. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी अजिबात घालू नका.

टेकडी

धन्यवाद डॉक्टर, घरी वाचून दाखवते दोघांनाही.

अजून एक माझ्याकडून. संध्याकाळी ऊन उतरलं तरी बागेतली घसरगुंडी उतरलेली नसते! पत्र्याची तर सोडाच, काळ्या रबराच्या मॅट आणि कृत्रिम गवतसुद्धा भयंकर तापतं, भर उन्हात तर पाय टेकवत नाही इतकं. मी बसवण्याआधी हाताची मागची बाजू टेकवून ठेवते. पाच सेकंद हात ठेवता आला नाही तर मुलाला तिथे बसवत नाही. तळव्याने अंदाज येत नाही कारण तळव्याची कातडी जाड असते. खरं गवत, माती आणि झाडाखालची जागा लवकर निवते, त्यामुळे आम्ही उन्हाळ्यात बागेचा तो कोपराच धरतो, झोपाळे शेवटी.

शिट्टीवाला

मी शाळेत पीटी शिकवतो त्यामुळे मोरपीस यांचा 'पीटीचा तास गणिताला जातो' हा मुद्दा मनाला लागला. आमच्याकडची बाजू सांगतो.

पाऊस आला की वर्ग हॉलमध्ये नेतात. हॉल एक, मुलं चाळीस-पन्नास. मग सर काय करतात, तर दोन रांगा लावतात आणि एकेक मूल काहीतरी करून येतं. बाकीची उभी. तासाच्या नावाने हजेरी लागते पण एखाद्या मुलावर घड्याळ धरून बघा, चाळीस मिनिटांत ते खरोखर किती हललं. फार थोडं! हा दोष पावसाचा नाही, रांगेचा आहे.

मी रांगाच काढून टाकल्या. हॉलच्या कडेने सात-आठ ठिकाणं करतो, एकीकडे दोरी, एकीकडे बाकावर चढ-उतर, एकीकडे भिंतीला पाठ टेकवून हवेतली खुर्ची, एकीकडे खडूच्या रेघांवर इकडून तिकडे उड्या, एकीकडे जोडीने चेंडू झेलायचा. प्रत्येक ठिकाणी पाच-सहा मुलं, शिट्टी वाजली की पुढच्या ठिकाणी. कोणीच रिकामं राहत नाही. बाद होण्याचे खेळ हॉलमध्ये घेत नाही, कारण जो आधी बाद होतो तो बहुतेक तोच असतो ज्याला हालचालीची सगळ्यात जास्त गरज असते, आणि तो उरलेला वेळ कोपऱ्यात बसतो.

हॉल मिळालाच नाही तर वर्गातली बाकं मागे सरकवून दहा मिनिटं. तेही नसेल तर जागच्या जागी धावणं, मी आकडा सांगेन तेवढ्या उड्या, दिशा बदलून पावलं. दहा मिनिटांनी वर्ग तापतो अक्षरशः, आणि पुढच्या तासाचे शिक्षक सांगतात की मुलं शांत बसली.

ऊन असेल तेव्हा भांडून तास सकाळी घ्यायला लावा. पीटीचा तास दुपारी एकला ठेवायचा आणि मग ऊन आहे म्हणून रद्द करायचा, याला काय अर्थ आहे? वेळापत्रक वर्षभर एकच असलं पाहिजे असा नियम कोणी केला? ऋतू बदलला की तास सरकवता येतो. गणित दुपारी पंख्याखाली होतं, धावणं होत नाही.

मोरपीस

सर, मी तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून ठेवतेय!

लिंबूटिंबू

वाचनखूण साठवली आहे. बाद होणाऱ्या मुलाबद्दलचं तर शंभर टक्के खरं.

मोरपीस, तुमच्या चार वर्षांच्या लेकीसाठी वेगळा हिशोब आहे बरं का. ३-४ वर्षांच्या मुलांना दिवसभरात मिळून १८० मिनिटं हालचाल सांगितलीय, त्यातली निदान ६० मिनिटं दमवणारी. तीन तास ऐकून दडपण येतं पण ते सलग नसतात, दिवसभर पसरलेले असतात. या वयाच्या मुलांना व्यायाम नकोच असतो, काम हवं असतं. आमच्याकडे पावसात उशा जमिनीवर मांडून 'खाली मगर आहे' चालतं, कपड्यांची बादली ढकलत न्यायची, जिना मोजत चढायचा, टेबलाखालून रांगत जाऊन पलीकडे ठेवलेली वस्तू आणायची. एक मात्र पाळते, सोफा तोडायला परवानगी नाही पण एक गादी कायमची उड्यांसाठी. सारखं 'अरे पडशील' 'अगं हळू' म्हणत राहिलं तर घरातला खेळ पण बंदच पडतो.

दमछाक

माझा मुलगा अकरा वर्षांचा, दम्याचा त्रास आहे. थंडी सुरू झाली की शाळेतून चिठ्ठी, 'पीटीतून सूट द्यावी का'. सूट घेतली की तो पूर्ण हिवाळा बाकावर. नाही घेतली तर धावून आल्यावर खोकला. शिवाय हवा खराब असते ते वेगळंच. काय करावं?

स्टेथोस्कोप

दमछाक, सरसकट सूट शक्यतो घेऊ नका. दमा नीट आटोक्यात असेल तर ही मुलं जवळपास सगळे खेळ खेळू शकतात, आणि खेळल्याने त्यांची न दमता खेळायची ताकद वाढते.

थंडीत त्रास होतो त्याचं कारण थंडीपेक्षा कोरडेपणात आहे. धावताना मूल तोंडाने भराभर श्वास घेतं, नाकातून जाणारी हवा गरम आणि ओलसर होऊन जाते तशी ही होत नाही, त्यामुळे श्वासनलिका आतून कोरड्या पडतात आणि आकसतात. म्हणून तर पोहण्याच्या तलावावरच्या दमट हवेत बऱ्याच जणांना कमी त्रास होतो. उपाय साधे आहेत, एकदम पळापळ नको, १०-१५ मिनिटं हळूहळू वेग वाढवत अंग गरम करायचं, नाकातोंडावरून पातळ मफलर, आणि डॉक्टरांनी खेळाआधी घ्यायला इन्हेलर सांगितला असेल तर तो विसरायचा नाही. खोकला बहुतेक वेळा खेळताना नाही तर खेळ थांबल्यावर पाच-दहा मिनिटांनी येतो, त्यामुळे सरांना वाटतं मूल बरं आहे आणि ते वर्गात जाऊन खोकतं. हे सरांना सांगून ठेवा. असा खोकला वारंवार येत असेल तर औषध कमी पडतंय का हे तुमच्या डॉक्टरांना दाखवून घ्या.

खराब हवेचं वेगळं आहे, तिथे मी काळजी घ्याच म्हणेन. मुलं वजनाच्या मानाने मोठ्यांपेक्षा जास्त हवा आत घेतात आणि धावताना तर कितीतरी पट. थंडीच्या दिवसांत रात्री जमिनीलगतची हवा गार होऊन बसते, वरची उबदार हवा तिच्यावर झाकणासारखी असते, त्यामुळे धूर आणि धूळ खालीच अडकतात. ऊन वर आलं की हे सुटतं. म्हणून अशा दिवसांत पहाटेचा सराव सगळ्यात वाईट आणि सकाळ उलटल्यावरचा किंवा दुपारचा बरा. कडक उन्हाळ्यात मात्र उलटं होतं, ओझोन हा श्वासाला त्रास देणारा वायू सूर्यप्रकाशात तयार होतो त्यामुळे तो दुपारी जास्त असतो आणि सकाळ बरी. एकच वेळ वर्षभर चांगली असं नसतंच. हवेचा निर्देशांक (AQI, म्हणजे हवा किती खराब आहे तो आकडा) बघायची सवय लावा, फारच खराब असेल त्या दिवशी धावपळीचा खेळ आत आणि हलका.

शिट्टीवाला

डॉक्टर, खेळ थांबल्यावर खोकला येतो हे मलाही असं नेमकं माहीत नव्हतं. आता तास संपताना एकदम थांबवत नाही, पाच मिनिटं चालवतो आणि त्या मुलांकडे बघतो.

वाऱ्यावरची

मी बरीच वर्षं बर्फाच्या देशात राहते त्यामुळे थंडीवर माझा थोडा अधिकार :)

थंडीत आजारी पडतात म्हणून आत ठेवायचं हे मला पटत नाही. सर्दी विषाणूंमुळे होते आणि ते बंद खोलीत, दाटीवाटीने बसल्यावर जास्त पसरतात. इथे शाळा मुलांना शून्याखाली पण बाहेर काढतात. मर्यादा असते, पण ती नुसत्या तापमानाची नसते, वारा धरून मोजतात. वाऱ्यासकट जाणवणारी थंडी उणे २८ च्या खाली गेली की उघडी कातडी १० ते ३० मिनिटांत गोठू शकते, त्याच्या आसपास बहुतेक ठिकाणी मधली सुट्टी आत घेतात. तुमच्यापैकी बहुतेकांकडे हा प्रश्नच नाही!

खरा घोळ कपड्यांचा असतो. आई एक भलंमोठं जाकीट चढवते, मूल दहा मिनिटं धावतं, आत घामाने चिंब होतं, मग उभं राहतं आणि तोच घाम गार होऊन ते कुडकुडतं. त्यापेक्षा पातळ पातळ दोन-तीन थर घाला, धावायच्या आधी वरचा काढा, थांबल्या थांबल्या लगेच परत घाला. अंगाला लागून सुती नको, सुती कापड घाम धरून ठेवतं. तपासायचं असेल तर हात गार आहेत का ते बघू नका, मानेमागून कॉलरच्या आत दोन बोटं घाला. ओलं लागलं तर कपडे जास्त झालेत, गार लागलं तर कमी.

आणि पावसाचं सांगू? बहुतेक घरांत खेळ बुडतो तो भिजलेल्या बुटांमुळे. सोमवारी भिजले, मंगळवारी वाळले नाहीत म्हणून मंगळवार पण घरात, मग बुधवारी सवय मोडलेली. आत आल्या आल्या आतला तळ काढून वेगळा ठेवा, बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तासाभराने ते ओले बोळे काढून नवे घाला, मग पंख्यासमोर. सकाळपर्यंत वाळतात. हीटरवर किंवा गॅसजवळ ठेवले तर तळ सुटतो. शक्य असेल तर जुने बूट फेकू नका, पावसाची जोडी म्हणून ठेवा.

टेकडी

बुटांचं वाचून 'हो हो हेच' झालं. आमच्याकडे पण हीच रड.

दोन_वेण्या

एक नाजूक मुद्दा मांडते, कोणी बोलत नाही म्हणून. माझी मुलगी तेरा वर्षांची. पाऊस आला की ती आणि तिच्या मैत्रिणी मैदानावर जायचं टाळतात. आम्हाला वाटायचं आळस. खरं कारण, पीटीचा पांढरा टीशर्ट भिजला की अंगाला चिकटतो आणि आरपार दिसतो. घामाचंही तेच. शिवाय पाळी असेल आणि भिजलेल्या कपड्यांत पुढचे तास काढायचे असतील तर कोण जाईल? शाळेत बोलून गडद रंगाचा टीशर्ट चालेल असं करून घेतलं आणि कपडे बदलायला खोली उघडी ठेवायला सांगितली. आता जातात. या वयात मुली खेळातून गळतात असं सगळे म्हणतात, पण त्यांना कारण विचारत नाहीत.

शिट्टीवाला

फार महत्त्वाचं लिहिलंत ताई. आमच्या शाळेतही टीशर्ट पांढराच आहे. हा विषय मी स्टाफ मीटिंगमध्ये घेतो.

चष्मिस

हालचालीबरोबर बाहेरच्या उजेडाचाही विचार करा. घरात कितीही उड्या मारल्या तरी डोळ्यांना तो उजेड मिळत नाही. चीनमधल्या ग्वांगझू शहरात शाळांमध्ये प्रयोग झाला होता, काही शाळांत रोज ४० मिनिटांचा बाहेरचा एक जादा तास ठेवला. ३ वर्षांनी बाकीच्या शाळांत ३९.५ टक्के मुलांना नव्याने लांबचं कमी दिसायला लागलं होतं, या शाळांत ३०.४ टक्के. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालाय तो अभ्यास. भर उन्हात उभं करायची काही गरज नाही, झाडाच्या सावलीत किंवा ढगाळ दिवशी बाहेर असलं तरी खोलीतल्या दिव्यापेक्षा कितीतरी पट जास्त उजेड असतो. त्यामुळे पाऊस थांबलाय पण आभाळ आहे अशा दिवशी 'काय उपयोग बाहेर जाऊन' म्हणू नका. फक्त ढग आहेत म्हणून त्वचेला ऊन लागत नाही असं नसतं, अतिनील निर्देशांक (UV, म्हणजे त्वचेला भाजणारे किरण किती तीव्र आहेत तो आकडा) ३ किंवा वर असेल तर टोपी हवीच. निर्देशांक कळत नसेल तर सावली बघा, आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असेल तर ऊन कडक आहे.

जुनाजाणता

सगळं वाचलं. बुटांचं आणि त्या टीशर्टचं खरंच माहीत नव्हतं. पण मग मी म्हणतो तेच झालं ना, की पावसात खेळू द्या? माझा नातू विचारतो पावसात फुटबॉल खेळू का आणि सून नाही म्हणते.

स्टेथोस्कोप

नुसता पाऊस असेल आणि खेळून आल्यावर लगेच अंग पुसून कोरडे कपडे घालणार असेल तर खेळू द्या की. दोन ठिकाणी मात्र सूनबाईंचं ऐका. साचलेल्या, तुंबलेल्या पाण्यात नको, पायाला जखम असेल तर मुळीच नको, त्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिससारखे आजार होतात आणि खाली उघडं गटार आहे की काच आहे ते दिसत नाही. आणि वीज. गडगडाट ऐकू आला की खेळ थांबलाच पाहिजे, पाऊस सुरू झाला नसला तरी. चमकल्यापासून आवाज येईपर्यंत जेवढे सेकंद त्याला तीनने भागा, तेवढे किलोमीटर वीज लांब, पण आवाज येतोय म्हणजे तुम्ही टप्प्यात आहातच. झाडाखाली नाही, मैदानातल्या उघड्या शेडखाली पण नाही, पक्क्या इमारतीत किंवा काचा बंद करून गाडीत. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं थांबून मग परत. मुलं दहाव्या मिनिटाला 'थांबलं थांबलं' करतात तेव्हा घड्याळ दाखवा.

जुनाजाणता

बरं. नातवाला आणि सुनेला दोघांनाही हे दाखवतो. मैदानाच्या शेडखाली आम्ही सगळेच उभे राहायचो.

आकडेमोड

एक राहिलं. हवा छान आणि सुट्टी म्हणजे मुलं खेळतातच असं धरू नका. अमेरिकेत बालवाडीपासून दुसरीपर्यंत मुलांचं वजन-उंची बघत गेले त्या २०१६ च्या अभ्यासात लठ्ठ मुलांचं प्रमाण ८.९ वरून ११.५ टक्क्यांवर गेलं, आणि ती सगळी वाढ उन्हाळ्याच्या सुट्ट्यांमध्ये झाली, शाळा चालू असताना नाही. झोपेच्या वेळा, खाणं, स्क्रीन सगळंच सुटतं सुट्टीत. त्यामुळे चांगल्या हवेच्या दिवसांनाही थोडी घडी लावून द्यावी लागते, निदान बाहेर पडायची वेळ ठरलेली असावी.

मोरपीस

इतके प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे मनापासून आभार. घरचं ठरलं, दिवस लहान झाले की खेळ आधी अभ्यास नंतर, लेकीसाठी एक गादी कायमची जमिनीवर, बुटांची जुनी जोडी माळ्यावरून खाली काढली.

शाळेसाठी आम्ही काही पालक पत्र देतोय. त्यात लिहितोय की पीटीचा तास हवेमुळे रद्द झाला तर तो दुसऱ्या विषयाला देऊ नये, हॉलमध्ये किंवा वर्गात घ्यावा. ऊन वाढायच्या दिवसांत तो सकाळी आणावा. आणि पीटीसाठी गडद टीशर्ट चालावा. शिट्टीवाले सर, अजून काही सुचतंय का?

शिट्टीवाला

पत्र मुख्याध्यापकांच्या नावाने द्या पण आधी पीटीच्या सरांना दाखवा. नाहीतर त्यांना वाटेल तक्रार आहे, आणि खरं तर तो तास जातो तेव्हा सगळ्यात जास्त वाईट त्यांनाच वाटत असतं. आणि एक वाक्य घाला, रद्द झालेल्या तासांची नोंद ठेवावी, तारीख आणि कारण लिहून. आमच्याकडे वही ठेवली तेव्हा कळलं की 'पावसामुळे' गेलेल्या तासांपैकी बरेच तास पाऊस थांबल्यावर गेले होते, मैदान सुकलं की नाही हे बघायला कोणी गेलंच नव्हतं. ते काम आता आठवीच्या दोन मुलांकडे दिलंय, पहिल्या सुट्टीत जाऊन मैदान बघून येतात आणि फळ्यावर लिहितात.